अमेरिकेचे तीन तास: इंदुरातून आखलेली लक्षद्वीपची हॅम मोहीम

इंदुरापासून कवरत्ती, म्हणजे लक्षद्वीपची राजधानी, सरळ रेषेत जेमतेम 1,400 किलोमीटर. भरदुपारी 20 मीटर बँडवर, म्हणजे साधारण 20 मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात, 100 वॉटचा रेडिओ आणि झाडाला बांधलेली एक तार एवढ्यावर तिथल्या हॅमशी, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याशी, बोलता येतं. सुमारे 300 किलोमीटर उंचीवरचा आयनांचा एफ थर लहरीला एका उडीत तिकडे उतरवतो. मात्र आपणच लक्षद्वीपला जाऊन स्टेशन उभारलं, तर हाका साऱ्या जगातून येतात. हॅम मंडळींच्या यादीत जगात 340 ‘देश’ आहेत आणि लक्षद्वीप त्यातला एक स्वतंत्र देश आहे. व्हीयू7 ही त्याची खूण. ज्यांचा त्याच्याशी अजून एकही संपर्क झालेला नाही, ते सगळे एकाच वेळी तुटून पडतात. या कल्लोळाला पाइलअप म्हणतात.

दूरसंचार खात्याची परवानगी, बेटावर जाण्याचा परवाना, कोचीहून बोट, ही कामं महिनोन्‌महिने आधी सुरू करावी लागतात. ती इथे बाजूला ठेवू. मोहीम यशस्वी होते की नाही, हे ठरतं ते कोणत्या तासाला कोणाचं ऐकायचं यावर. म्हणून अँटेना निवडण्याआधी वेळापत्रक मांडावं.

हिशेब असा. दोन स्टेशनं आठ दिवस अखंड चालली तर 384 तास हाती येतात. कसलेला ऑपरेटर भरात असताना तासाला दीडशे संपर्क करतो, पण मेलेले बँड (काहीच ऐकू येत नाही अशा वेळा), जेवणं, जनरेटरमध्ये तेल भरणं हे सगळं धरून सरासरी साठच मानावी. तरी 23,000 होतात. आकडा भरघोस दिसतो, पण त्यात फसगत आहे: निम्म्याहून जास्त संपर्क युरोप आणि जपानचे निघतील. त्यांची वाट सोपी आणि बँड त्यांच्याकडे तासन्‌तास उघडा असतो.

अमेरिकेचं तसं नाही. कवरत्तीहून न्यूयॉर्क सुमारे 13,400 किलोमीटर. वाट वायव्येला युरोपवरून जाते आणि साठ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे पोचते. कॅलिफोर्नियाची वाट तर ध्रुवाजवळून जाते. सूर्यावर वादळ झालं की त्याच भागात लहरी शोषल्या जातात. त्यामुळे भरवशाच्या वेळा दोनच, सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या आगेमागे. फेब्रुवारीत कवरत्तीला सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसातच्या आसपास मावळतो. तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे सव्वाआठ झालेले असतात. दोन्ही वेळा मिळून रोज तीन तास धरा. आठ दिवसांचे चोवीस. हे चोवीस तास तक्त्यावर आधी लाल पेन्सिलीने भरावेत, मग उरलेल्या जागी बाकी सगळं. त्या वेळी जेवण नाही, दुरुस्ती नाही, आणि खुर्चीत सगळ्यात तयारीचा माणूस.

अडचण अशी की न्यूयॉर्ककडे वळवलेली अँटेना वाटेतल्या युरोपकडेही वळलेली असते, आणि युरोप जवळ असल्यामुळे तिथले आवाज अमेरिकनांना झाकून टाकतात. उपाय शिस्तीचा आहे. ‘फक्त उत्तर अमेरिका’ असं सांगायचं, दर दोन संपर्कांनी पुन्हा सांगायचं आणि मोडायचं नाही. एका जोरदार युरोपियनला दया म्हणून उत्तर दिलं की पुढच्या मिनिटाला पन्नास जण तेच करून बघतात. मग ती संध्याकाळ हातची गेलीच.

बोलायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवावी. याला स्प्लिट म्हणतात. 14.195 मेगाहर्ट्झवर बोलायचं आणि 14.200 ते 14.205 मध्ये ऐकायचं. पट्टा याहून फार रुंद केला तर इतरांचे चाललेले संपर्क चिरडले जातात. अर्धवट कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं अक्षरं-आकड्यांचं नाव, ऐकू आली, समजा शेवटी ‘एक्सके’, तर तेवढंच उच्चारून त्याच माणसाला धरून ठेवायचं. दुसरा कितीही जोरात मध्ये घुसला तरी त्याला घ्यायचं नाही. स्वतःची कॉलसाइन मिनिटाभरात एकदा तरी द्यायची, कारण ती न कळलेले लोकच ‘कोण बोलतंय’ विचारत गोंधळ वाढवतात.

एफटी8 या संगणकी पद्धतीत एका वेळी पाच जणांना उत्तर देता येतं. मोह होतो, पण पाच सिग्नल एकत्र पाठवले की प्रत्येकाचा व्होल्टेज पाचवा हिस्सा आणि शक्ती पंचविसावा हिस्सा उरते. 100 वॉटचे चारच वॉट. युरोपसाठी पाच चालतील, अमेरिकेच्या वेळी एक किंवा दोनच ठेवा. शिवाय या पद्धतीत घड्याळ सेकंदाच्या आत जुळलेलं हवं. बेटावर इंटरनेटचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉपला जीपीएसचं छोटं यंत्र जोडून वेळ घ्यावी.

दोन स्टेशनं एकमेकांना बहिरी करतात, हा नेहमीचा घोळ. 7.1 मेगाहर्ट्‌झची दुप्पट 14.2 होते, म्हणजे 40 मीटरचं स्टेशन थेट 20 मीटरच्या कानात ओरडतं. अँटेनांमध्ये शंभर मीटर अंतर आणि दोन्हीकडे बँडपास फिल्टर (फक्त आपल्या बँडच्या लहरी जाऊ देणारे), दोन्ही हवेत.

सरावाला इंदूरकर मंडळी यशवंत सागरच्या काठावर गेली तर खांब उभारणं, तारा ओढणं, अंधारात जोडणी करणं हे सगळं तिथे घोटून घ्यावं. 20 मीटरची उभी पाव-लहरी तार 5.03 मीटर, 40 ची 10.07. मात्र तिथल्या सिग्नलवरून बेटाचा अंदाज बांधू नये. गोडं पाणी समुद्राच्या तुलनेत विजेचं फारच कमी वाहक आहे. लाटेजवळ उभ्या केलेल्या तारेला खारं पाणी आरशासारखं काम देतं आणि क्षितिजालगतच्या कोनात, म्हणजे नेमका दूरच्या देशांसाठी, सिग्नल वाढवतं. माळव्याच्या काळ्या मातीवर जुळवलेली लांबी प्रवाळाच्या वाळूवर सरकते, भरती-ओहोटीबरोबरही थोडी हलते. म्हणून प्रत्येक तार 30 सेंटिमीटर जास्त कापून दुमडून न्यावी. अपुरी पडली तर तिथे जोडायला दुकान नाही.

खाऱ्या हवेने अँटेनाच्या कोॲक्स केबलचे कनेक्टर दोन दिवसांत हिरवे पडतात. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबर टेप आधी आणि तिच्यावर साधी टेप, असे दोन थर द्यावेत. लॉगची, म्हणजे संपर्कांच्या नोंदींची, प्रत रोज रात्री दोन पेन ड्राइव्हवर घ्यावी, एक ऑपरेटरच्या खिशात आणि दुसरी सामानात. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, लिहावी. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायला विसरलेला ऑपरेटर शेकडो लोकांचे संपर्क जुळेनासे करतो. आवराआवर करताना 20 मीटरची अँटेना सगळ्यात शेवटी उतरवावी, बोटीच्या दिवशीची सकाळची अमेरिकेची वेळ संपल्यावर.