पार्श्वभूमी : तंतूतले कोलॅजेन की जिलेटिन?

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे विद्युत दाबाने सुईतून पॉलिमरच्या द्रावणाची धार ओढून अतिशय बारीक तंतू काढण्याचे तंत्र. ऊती अभियांत्रिकीत, म्हणजे पेशी वाढवून शरीराच्या ऊती घडवण्याच्या कामात, ते फार उशिरा आले. अमेरिकेत या तंत्राची पेटंट १९०२ मध्येच निघाली होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघात असे तंतू गॅस मास्कच्या फिल्टरमध्ये बसत होते. १९६४ मध्ये विद्युत दाबाखाली थेंबाचा शंकू का होतो याचे गणित मांडले गेले, १९७८ मध्ये पॉलियुरेथेनच्या तंतूंची कृत्रिम रक्तवाहिनी तयार झाली, आणि १९९० च्या दशकात अमेरिकी प्रयोगशाळांनी हे तंत्र नव्याने उचलले. आपल्या विषयाची खरी सुरुवात मात्र २००२ ची.

त्या वर्षी पीएलजीए या विघटनशील पॉलिमरच्या जाळीवर पेशी वाढल्याचे दिसले, टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक तंतूत भरून सावकाश सोडता येते हे दिसले, आणि थेट कोलॅजेनचेच, म्हणजे शरीरातल्या ऊतींना आधार देणाऱ्या प्रथिनाचेच, तंतू काढल्याचा अहवाल आला. पहिल्या दोन कामांवर पुढे भर पडत गेली. तिसऱ्याचा गुंता अजून सुटलेला नाही, आणि तो समजून घेतल्याशिवाय संमिश्र तंतूंवरचे लेखन नीट वाचता येत नाही.

कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांची घट्ट तिपेडी वेणी. वेणी सुटली की उरते ते जिलेटिन. साखळ्या त्याच, पण ताकद गेलेली, आणि कोमट पाण्यात विरघळणारे. आता सुईच्या टोकाकडे पाहू. थेंबाचा शंकू होतो, त्यातून धार सुटते, आणि साधारण १० ते २० सेंटिमीटरच्या अंतरात द्रावक उडून जाऊन तंतू कोरडा पडायला हवा. हेक्साफ्लोरोआयसोप्रोपॅनॉल हे द्रावक ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, कोलॅजेन चांगले विरघळवते, आणि तंतू एकसारखे येतात. म्हणून सगळ्यांनी तेच निवडले. पण हेच फ्लोरोअल्कोहोल ती वेणी सोडवते.

२००२ च्या कामात नैसर्गिक कोलॅजेनच्या तंतूवर दर ६७ नॅनोमीटरला येणारे आडवे पट्टे दिसल्याचे म्हटले होते. नंतरच्या तपासण्यांत ते सापडेनात. तंतू जिथे जमतात त्या पत्र्यावरून सोलून काढलेली पांढरी जाळी क्रॉसलिंक न करता (म्हणजे साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना न जोडता) पाण्यात टाकली की तिचा बुळबुळीत गोळा होई आणि ती विरघळून जाई. २००८ मध्ये एका शोधनिबंधाने सरळच विचारले की जिलेटिन बनवण्याची ही महागडी रीत तर नव्हे? माझ्या मते तो प्रश्न या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी प्रश्न ठरला. तंतूत कोलॅजेनच आहे या दाव्याच्या बचावासाठी पुष्कळदा जेल इलेक्ट्रोफोरेसिसचे, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीचे, पट्टे दाखवले जात. त्या चाचणीत नमुना मुळातच उकळून उलगडलेला असतो. साखळ्या तुटल्या नाहीत एवढे ती सांगते, वेणी शाबूत आहे का याबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी वर्तुळ द्विवर्णता, म्हणजे डाव्या आणि उजव्या वर्तुळ ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक, मोजावी लागते.

हा नुसता नावाचा वाद नाही. अखंड कोलॅजेनला पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या ज्या ग्राहींनी (रिसेप्टरांनी) धरते ते वेगळे, आणि उलगडलेल्या साखळीत उघड्या पडलेल्या आरजीडी या तीन अमिनो आम्लांच्या क्रमाला धरणारे ग्राही वेगळे. जिलेटिनवरही पेशी छान चिकटतात, पण त्यांना मिळणारा संदेश बदलतो. जिलेटिन वापरले तर जिलेटिन म्हणावे, एवढीच अपेक्षा आहे. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे कृत्रिम पॉलिमर आणि जिलेटिन यांच्या मिश्र तंतूंवरच्या कामांनी ते नाव उघडपणे घेतले, म्हणून त्या कामांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येतात. पुढे फॉस्फेट बफर आणि इथेनॉलसारखे सौम्य द्रावकही पुढे आले.

‘संमिश्र’ हा शब्दही असाच सैल वापरला जातो. दोन पॉलिमरचे मिश्रण, हाडासाठी हायड्रॉक्सीॲपटाइट या हाडातल्या खनिजाचे कण भरलेला तंतू, आणि आत एक नि बाहेर दुसरे द्रव्य असलेला गाभा-कवच तंतू, तिन्हींना तेच नाव. कण भरले की गुठळ्या होऊन सुई तुंबते. मिश्रणात औषध बरेचदा तंतूच्या पृष्ठभागाशी जमते आणि पहिल्या काही तासांत भसकन बाहेर पडते.

गाभा-कवच तंतू २००३ च्या सुमारास आले ते यावर उपाय म्हणून, आणि त्यांच्यापुढेही प्रश्न द्रावकाचाच आहे. वाढघटकासारखे (पेशींना वाढीचा संदेश देणारे) नाजूक प्रथिन पाण्यात मिसळून गाभ्यात ठेवता येते आणि सेंद्रिय द्रावक बाहेरच्या कवचापुरता राहतो. तरी सुईच्या तोंडाशी दोन्ही प्रवाह एकमेकांना टेकतातच. म्हणून किती प्रथिन बाहेर आले हे मोजून भागत नाही, बाहेर आलेले प्रथिन पेशींवर काम करते का, हे वेगळे तपासावे लागते.