इंदुरी पातेल्यात कूलंट सेन्सरची परीक्षा

इंदुरात पाणी शंभर अंशांना उकळत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे 98 अंशांनाच उकळी फुटते. चहाचं त्याने काही बिघडत नाही. पण गाडीचा कूलंट सेन्सर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं (कूलंटचं) तापमान मोजणारा भाग, उकळत्या पाण्यात तपासताना हे दोन अंश धरावे लागतात.

सेन्सरच्या पितळी टोकात थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार बदलणारा रोधक असतो. तापमान चढलं की त्याचा रोध उतरतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध 20 अंशांना सुमारे 2500 ओहम, 80 ला 320 आणि आपल्या उकळत्या पाण्यात 200च्या आसपास असतो. जानेवारीच्या पहाटे 3800 ओहम दाखवणारा सेन्सर मेच्या दुपारी 1200वर आला, तर त्यात बिघाड काही नाही. गाडीनुसार आकडे बदलतात, तेव्हा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ताच प्रमाण.

सेन्सर लगेच काढू नका. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी पोहे-जिलबी आणायला निघण्याआधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, लावा. कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान जवळपास सारखं हवं. स्कॅनर उणे 40 दाखवत असेल, तर सर्किट कुठेतरी तुटलंय. दोन तारांच्या सेन्सरचा कनेक्टर काढा, चावी ऑन करा आणि तारांकडच्या बाजूला व्होल्टेज मोजा. साधारण 5 व्होल्ट मिळायला हवेत. मग तीच दोन टोकं छोट्या वायरने जोडा. स्कॅनरवरचा आकडा एकदम वर, 130च्याही पुढे गेला, तर तारा आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ठीक. दोष सेन्सरचा किंवा पिनांवर चढलेल्या हिरवट गंजाचा. आकडा हललाच नाही, तर दोष तारांचा किंवा ईसीयूचा, आणि नवा सेन्सर आणणं म्हणजे पैसे वाया. बहुतेक जण नेमकं तेच करतात.

तुटलेलं सर्किट ईसीयूला कडाक्याची थंडी वाटते. मग ईसीयू पेट्रोल वाढवतो, धूर काळा येतो, ॲव्हरेज पडतं. काही गाड्यांत पंखा सतत फिरत राहतो.

पाण्यातल्या चाचणीसाठी इंजिन पूर्ण गार झाल्यावरच सेन्सर काढा. तो तारेने लटकवा: टोक पाण्यात, पिना बाहेर, तळाला स्पर्श नको. शेजारी थर्मामीटर ठेवा आणि मल्टिमीटरवर दर दहा अंशांना रोध टिपा. आकडा सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकात नको, कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं.

परत बसवताना वॉशर नवा घाला, कूलंट भरा आणि हवा काढा. टोकाशी बुडबुडा अडकला तर चांगला सेन्सरही चुकीचं तापमान सांगतो.