चिठ्ठीपासून धूळपाटीपर्यंत : लोकसहभागाच्या कोशाची पार्श्वभूमी

विक्शनरीसारख्या, कुणालाही भर घालता येईल अशा मुक्त ऑनलाइन शब्दकोशात नव्या सदस्याला लिहिते कसे करावे, हा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. मोल्सवर्थ यांचा १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झाला होता. पुढे ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचे मूळ ठरलेल्या कामासाठी मात्र लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेने १८५७ पासून सामान्य वाचकांनाच हाक दिली. वाचकाने पुस्तक वाचावे, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवावे, सोबत ग्रंथकार, साल व पृष्ठ लिहावे आणि चिठ्ठी पाठवून द्यावी, एवढेच काम होते.

चिठ्ठ्या भरपूर आल्या, पण १८७९ मध्ये संपादकपद हाती घेतलेल्या जेम्स मरे यांना त्यांत एक विचित्र असमतोल आढळला. ‘अब्यूजन’ या दुर्मीळ शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे होती, तर रोजच्या वापरातल्या ‘अब्यूज’ची पाचही नव्हती. दोष वाचकांचा नव्हता, कारण नवख्या माणसाला जे नवलाचे वाटते तेच तो टिपतो आणि ओळखीचा शब्द त्याच्या नजरेतून निसटतो. म्हणूनच मरे यांनी त्याच वर्षी काढलेल्या आवाहनात साध्या शब्दांचीही अवतरणे आवर्जून मागितली. नेमके काय हवे ते सांगणे, हेच नवोदिताला मिळालेले खरे साहाय्य होते, असे मला वाटते.

इंग्रजी विक्शनरी १२ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाली, तेव्हा टपाल गेले आणि संपादकाची परवानगीही गेली, पण अडचणीने रूप बदलले. नोंदी एकसारख्या दिसाव्यात म्हणून साचे, म्हणजे मजकुराची ठरावीक मांडणी करणारे, महिरपी कंसांत लिहायचे संकेत, वाढत गेले आणि महिरपी कंसांच्या त्या जंगलात शब्द ठाऊक असलेला माणूसही बिचकू लागला. त्यावर स्वागतसंदेश, साहाय्यपाने आणि बिनधास्त सराव करण्यासाठी धूळपाटी असे उपाय निघाले. माझ्या मते त्यांतला सर्वांत मोलाचा उपाय अगदी छोटा आहे : भाषांतरांच्या तक्त्याखालची एक चौकट. ‘वॉटर’च्या भाषांतरांखालच्या त्या चौकटीत मराठीचा भाषासंकेत आणि ‘पाणी’ हा शब्द टंकला, नपुंसकलिंगाची खूण केली की साच्याची मांडणी यंत्रच करते. सदस्याने फक्त ती तपासून जतन करायची.

मराठीत याआधी आणखी एक पायरी होती. ठरावीक फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर वाचता येत नसे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय संकेतप्रणाली रुळल्यावर आणि विक्शनरी चालवणाऱ्या विकिमीडियाच्या पानांवरच देवनागरी टंकनाची सोय आल्यावर ती अडचण सरली. तरीही ‘पडवी’, ‘ओसरी’ आणि ‘सोपा’ या घराच्या भागांतला फरक घरच्या अनुभवाने जाणणाऱ्या आजीपुढे कोरे संपादनपान ठेवले, तर ती काहीच लिहिणार नाही. तिला ‘तुमच्याकडे पडवी कशाला म्हणतात?’ एवढेच विचारावे, आणि उत्तराला साच्यात बसवण्याचे काम जुन्या सदस्याने करावे.