ग्रॅव्हल राईडला निघताय? आधी माती बघा : नागपूरच्या आसपासच्या रस्त्यांबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

दुकानात पहिल्यांदा येणारे बहुतेक जण हेच विचारतात, दादा ही रेसिंगची सायकल आहे का डोंगरातली, कारण हँडल खाली वळलेलं आणि टायर मात्र जाडा. तर ही ग्रॅव्हल बाईक. डांबरी रस्त्यावर बऱ्यापैकी पळते आणि डांबर संपलं की थांबत नाही, मुरूम, गिट्टी, पांदण, कालव्याची पाळ सगळीकडे चालते. रोडबाईकचा टायर साधारण २५ ते २८ मिमीचा असतो, आमच्या भाड्याच्या सगळ्या सायकलींना आम्ही ४० मिमीचे टाकलेत, डिस्क ब्रेक आहेत, पुढे पेडलपाशी एकच ४० दातांची चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागे ११ ते ४२ दातांची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच), म्हणजे रामटेकच्या बाजूचे चढही बसल्या बसल्या निघतात. अमेरिकेत कॅन्ससच्या टेकड्यांमध्ये २००६ पासून कच्च्या रस्त्यांवरची २०० मैलांची शर्यत होते, तिथून या सायकलीचं नाव जगभर झालं. पण आपल्याकडच्या पांदणी काही त्यांच्यापेक्षा कमी नाहीत, हे आम्ही मनापासून सांगतो.

आता मुद्द्याचं. लोक मोबाईलवर नकाशा बघून रूट ठरवतात, किती किलोमीटर, किती चढ. आमचं म्हणणं आहे की आपल्या भागात आधी माती बघायची आणि मग रूट ठरवायचा. शहराच्या पश्चिमेला, कळमेश्वर काटोलकडे, खाली सगळा काळा बेसाल्टचा दगड आहे आणि तोच झिजून झिजून ही कपाशीची काळी माती झालीय. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की फाटते, म्हणजे पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत पुढचं चाक अडकतं. उत्तर पूर्वेला मनसर रामटेकच्या बाजूला दगडच वेगळा आहे, तिथे मनसर, कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत, आणि रस्त्यावर बराचसा लालसर मुरूम, त्यात पाणी मुरतं आणि दुसऱ्या दिवशी सायकल चालवता येते.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. एका ऑक्टोबरात रात्री पाऊस झाला होता, सकाळी लख्ख ऊन, आम्ही सहा जण कळमेश्वरच्या पुढे, अडासा गावाच्या अलीकडे एका पांदणीत शिरलो. दोनशे मीटरही गेलो नसू. माती टायरला थर थर चढत गेली, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खाली गच्च भरली आणि चाक फिरायचंच बंद झालं, मागच्या दादांनी जोर लावला तर डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) वाकून स्पोकमध्ये गेला. शेतातल्या एका आजींनी खुरपं दिलं, त्याने अर्धा तास माती खरवडली आणि मग सायकली खांद्यावर घेऊन डांबरीपर्यंत चालत आलो. तेव्हापासून आमचा नियम आहे, काळ्या मातीच्या पांदणीत पावसानंतर तीन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय कोणाला पाठवत नाही, मुरमाच्या रस्त्याला एक दिवस पुरतो. तुम्हालाही जागेवर तपासता येईल. मूठभर माती उचला आणि लाडू वळून बघा, लाडू वळला आणि हाताला चिकटून राहिला तर मागे फिरा, भुरभुरला तर बिनधास्त जा.

आता रूट. नवीन लोकांसाठी आम्ही कालव्याची पाळ सांगतो. पेंच नदीवर नवेगाव खैरीला धरण आहे, तिथून उजवा आणि डावा असे कालवे निघतात, नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी या पेंचचंच. कालव्यात पाणी आपोआप वाहावं म्हणून उतार अगदी कमी ठेवलेला असतो आणि पाळीवरचा रस्ता त्याच्याच सोबत जातो, म्हणून चढ असा नाहीच, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धान, गहू, मिरची. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कालव्याचं अस्तर उताराचं आणि शेवाळलेलं असतं, आत घसरलं तर एकट्याने वर येता येत नाही, म्हणून पाळीवर एका मागे एक चाला, गप्पा मारायला बाजूबाजूने चालवू नका आणि फोटोसाठी काठावर जाऊ नका. कुठे गेट बंद असेल किंवा चौकीदार नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद नाही, परत फिरायचं.

पश्चिमेचा रूट आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडतो. काटोल रोडने फेटरी, पुढे कळमेश्वर, तिथून धापेवाडा, मग अडासा. कळमेश्वर सोडलं की संत्र्याच्या बागा लागतात, आंबिया बहार नोव्हेंबर डिसेंबरात तोडणीला असतो तेव्हा पांदणीत ट्रॅक्टर आणि क्रेट, त्यांना आधी जाऊ द्या, त्यांचं ते कामाचं गाव आहे आणि आपण फिरायला आलोय. संत्रं तोडायचं नाही. विचारलं तर शेतकरी दादा ओंजळभर देतात, पैसे घेत नाहीत हे आम्ही कितीदा पाहिलंय. धापेवाड्याला चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचं मंदिर आहे, लोक विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला, आणि अडाश्याला टेकडीवर गणपती. सकाळी सहाला निघालात तर तर्री पोहे वाटेत होतातच, पण तर्री जरा बेताने घ्या, पुढे चढ आहे.

रामटेकसाठी सायकली गाडीत टाकून मनसरपर्यंत न्या, हायवेवर सायकल चालवण्यात काही मजा नाही आणि ट्रक फार. मनसरपासून रामटेक, अंबाळा तलाव, खिंडसी, असा फेरा घेतला की टेकडी, तलाव आणि साग मोहाचं जंगल सगळं एका सकाळीत मिळतं. फेब्रुवारी शेवटी पळस फुलतो तेव्हा जा. मार्च एप्रिलात मोह टपकतो, पहाटे गावच्या बायका वेचायला येतात आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात, त्यामुळे त्या दिवसात चांगलं उजाडल्याशिवाय मोहाखालून जायचं नाही.

जंगलाबद्दल स्पष्ट सांगतो. पेंच १९७५ ला राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९९ ला व्याघ्र प्रकल्प, तोतलाडोहचं धरण त्याच जंगलात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा ठिकाणी परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि सायकल शांत असते म्हणून चालेल असं काही जण म्हणतात तेच उलट धोक्याचं आहे, आवाज नसल्याने जनावराला आपण अगदी जवळ आल्यावर कळतो. म्हणून आमच्या राईड फक्त गावांच्या सार्वजनिक रस्त्यांवरून, कमीत कमी चार जण, सायकलला घंटी आणि सूर्य मावळायच्या एक तास आधी जंगलाच्या बाहेर. वाघ दिसावा म्हणून कोणी आमच्याकडे येत असेल तर त्यांनी जिप्सीची सफारी बुक करावी, ती चांगली असते.

कन्हानच्या खोऱ्यात खापा, रामाकोना ह्या बाजूला जाणाऱ्यांनी रेती शिकून जावं. नदीकाठच्या वाटेवर अचानक रेती लागते, तेव्हा ब्रेक मारायचा नाही, वजन मागे घ्यायचं, हँडल सैल धरायचं आणि पाय चालू ठेवायचे. रेतीचे टिप्परही असतात, धूळ दिसली की आधीच कडेला थांबा. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचंच, घोटाभर दिसलं तरी, कारण खाली शेवाळ असतं आणि मधला भाग खचलाय का ते वरून कळत नाही. रामाकोन्याच्या पुढे सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आणि छिंदवाडा ६७५ च्या आसपास, म्हणजे चढ किती ते समजा. इकडूनच छोट्या लाईनची (नॅरोगेज) रेल्वे जायची, २०१५ मध्ये ती बंद झाली आणि नंतर मोठी लाईन झाली, आमच्या जुन्या ग्राहकांपैकी काही काका ती आठवण काढल्याशिवाय ह्या रूटवरून परत येत नाहीत. त्याच्याही पुढे तामिया, पाताळकोट, दुधी नदीची खोल दरी आणि तिच्यात भारिया लोकांची गावं. ते दोन मुक्कामाचं काम आहे आणि ब्रेक पॅड नवे असल्याशिवाय आम्ही सायकल देत नाही.

टायरमधली हवा हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. लोकांना वाटतं टाईट टायर म्हणजे चांगला टायर. गिट्टीवर टाईट टायर उडतो आणि सगळे धक्के मनगटाला बसतात. साधारण ७० किलोच्या माणसाला ४० मिमी ट्यूबलेसमध्ये (आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये) ३० ते ३५ पीएसआय (हवेचा दाब) पुरे, ट्यूब असेल तर ४० च्या आसपास, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटते. आपल्याकडे खरा शत्रू बाभळीचा काटा आणि सराटा. ट्यूबलेसमध्ये आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव असतं, काटा घुसला तर लगेच उपटू नका, आधी ते भोक खाली येईल असं चाक फिरवा, मग काटा काढा, सीलंट फसफसत बाहेर येतं आणि मिनिटभरात बसतं. भोक मोठं असेल तर सीटखालच्या पाऊचमध्ये प्लगची सुई आहे, नेताना आम्ही ती वापरून दाखवतो, घाई असली तरी ते पाच मिनिटं बघूनच जा.

एप्रिलच्या मध्यापासून चांगला पाऊस येईपर्यंत आम्ही राईड बंद ठेवतो, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पैशासाठी कोणाला उन्हात पाठवणं आम्हाला पटत नाही. बाकी दिवसात माणशी दोन बाटल्या पाणी, मिठाचा पुडा, हेल्मेट, आणि हिवाळ्यात पहाटेसाठी कानपट्टी. हेल्मेटचं वेगळं भाडं नाही.

आणि सायकल परत आणताना धुवून आणू नका. वाटेत गाड्या धुवायच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे प्रेशरचा पाईप मारला की पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये घुसतं, ग्रीस निघून जातं आणि आठ दिवसांनी करकर सुरू होते. चिखलासकट आणा, आम्ही बादली आणि ब्रशने धुतो.