लाल न ओळखणारी काच

वेट प्लेट, म्हणजे ओल्या रासायनिक थराच्या काचेवर फोटो काढायच्या जुन्या पद्धतीने काढलेल्या फोटोत निळे डोळे पांढुरके, अगदी अमानवी दिसतात. गालावरचे एरवी लक्षातही न येणारे वांगाचे ठिपके मात्र काळेकुट्ट उमटतात. काचेवरच्या चांदीच्या क्षारांना फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच कळतो. लाल त्यांच्या लेखी अंधारच, म्हणून लाल दिव्याखाली ही काच बिनधास्त हाताळता येते.

इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ही पद्धत जाहीर केली आणि पेटंट घेतलं नाही. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की पाकासारखं कलोडियन तयार होतं. त्यात आयोडाइड मिसळून ते काचेवर ओतायचं, काच एकेका कोपऱ्याकडे कलती करत पसरवायचं आणि उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचं. मग काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीनेक मिनिटं बुडवली की थर दुधट होतो. आता घाई! थर वाळला तर डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, आत शिरत नाही. फोटो काढून धुणं, सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागतं, त्यामुळे डार्करूम सोबत न्यावी लागते.

सॅली मान या अमेरिकन छायाचित्रकर्तीने गाडीतच डार्करूम थाटून एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन यादवी युद्धाची जुनी रणांगणं आपल्या काळात टिपली. धुळीचे कण, सुटलेला थर, ओघळ हे सगळं तिने चित्रात राहू दिलं. तिथे ते शोभतं. पण हल्ली काही जण मुद्दाम डाग पाडतात, ती मला निव्वळ सजावट वाटते.

मोबाइलमधल्या फिल्टरने हाच परिणाम साधतो, असं म्हणणारे भेटतात. करडी-तपकिरी छटा साधते खरी. पण डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारा थर असतो. जे नोंदलंच गेलं नाही ते नंतर आणणार कुठून?

हौशी माणसाने मात्र थेट कलोडियनला हात घालू नये. ईथर भडकन पेटतं, आणि फोटो पक्का करायला काही जण अजूनही पोटॅशियम सायनाइड वापरतात. डेव्हलपरमधलं आम्ल नीट धुतलं गेलं नाही तर विषारी वायू सुटतो. त्यापेक्षा इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलचा १८४२ चा सायनोटाइप बरा. त्यात चांदीऐवजी लोहाचे क्षार असतात. कागदाला ते लावायचे, वर एखादं पान ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. ऊन लागलेला भाग गडद निळा होतो.