फील्ड वॉच: तबकडीवर उरलेले लष्करी हुकूम

काळी तबकडी, पांढरे ठसठशीत आकडे, कडेने रेल्वेच्या रुळांसारखी मिनिटांची पट्टी, पिवळसर काटे आणि नायलॉनचा पट्टा. जुन्या धाटणीचे ‘फील्ड वॉच’, म्हणजे रणांगणावरच्या शिपायाचे घड्याळ, म्हणून आज जे विकले जाते, त्याचा चेहरा साधारण असाच असतो. तो लष्कराच्या खरेदी खात्यांत, टेंडरच्या कलमांतून घडला. आकडे केवढे असावेत, काच कशी असावी, घड्याळ दिवसाला किती सेकंद चुकले तर चालेल, हे सगळे कुणीतरी कागदावर लिहून दिले होते. त्यामुळे असे घड्याळ घ्यायचे झाले तर त्याचा एकेक भाग त्या कलमांशी ताडून पाहावा. काही कलमे आजही कामाची आहेत. काहींचा नुसता वेष उरला आहे.

सुरुवात खिशातल्या घड्याळापासून झाली. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात काही ब्रिटिश अधिकारी खिशातले छोटे घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधत. तोवर मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ही समजूत टिकणे शक्यच नव्हते. ठरलेल्या मिनिटाला तोफांचा मारा पुढे सरके आणि त्याच्या पाठोपाठ पायदळ निघे. कुणाचे घड्याळ दोन मिनिटे पुढे असले तर तो स्वतःच्याच तोफांच्या माऱ्यात सापडायचा. अशा वेळी कोटाची बटणे काढून घड्याळ बघत कोण बसणार? मग खिशातल्या घड्याळाच्या केसला (बाहेरच्या धातूच्या डबीला) तारेच्या कड्या डाखल्या गेल्या, त्यांतून अरुंद पट्टा ओवला गेला आणि काचेवर धातूची जाळी आली. यालाच पुढे ‘ट्रेंच वॉच’ म्हणू लागले.

या घड्याळांचे दुखणे ठरलेले होते. पांढरी मिन्याची तबकडी ठोकर लागली की तडकायची. केसच्या सांध्यातून चिखल आणि ओल आत जायची. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा बोर्जेलने १८९१ मध्ये पेटंट घेतलेली स्क्रूची केस त्यातल्या त्यात बरी होती, कारण तीत मशीन पुढच्या बाजूने आट्यांवर फिरवून बसवत. धक्क्याला मात्र कुणाकडेच उत्तर नव्हते. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे हेलकावत वेळ राखणाऱ्या चाकाच्या, दांडीची टोके एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाडीची असतात आणि घड्याळ दगडावर पडले की तीच मोडतात. हे टोक टेकणारा खडाच स्प्रिंगवर तरंगता ठेवण्याची इन्काब्लॉकसारखी व्यवस्था १९३० च्या दशकात आली. त्याआधीचे घड्याळ ‘लष्करी’ असले तरी ते दणकट समजून वापरू नये.

या काळाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. फाव्र-ल्यूबा ही स्विस पेढी १८६५ पासून मुंबईत होती. वेस्ट एंड वॉच कंपनीचा व्यापारही मुंबई आणि कलकत्त्यातून चाले आणि तिची घड्याळे ब्रिटिश हिंदी फौजेतल्या शिपायांच्या हाती पोचली. त्यातल्या गाजलेल्या मॉडेलचे नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडदळातला स्वार.

अंधारात वेळ दिसावी म्हणून आकड्यांत रेडियमचा रंग भरला जाई. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड चमकते, एवढेच त्यामागचे शास्त्र. रेडियमचे अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, पण झिंक सल्फाइड काही दशकांतच मरते. म्हणून जुनी तबकडी अंधारात दिसत नाही, तरी किरणोत्सारी मात्र राहते. हा वाळलेला रंग भुकटी होऊन सुटतो आणि ती भुकटी श्वासावाटे किंवा तोंडावाटे पोटात जाणे हा खरा धोका. अमेरिकेत ब्रश ओठांवर टोकदार करून तबकड्या रंगवणाऱ्या मुली याच रंगाने आजारी पडल्या आणि मरण पावल्या. तेव्हा असे घड्याळ हौसेने उघडू नये आणि आकडे तर खरवडूच नयेत. (रिक्षाच्या मागे आणि सायकलच्या मडगार्डवर लावतात त्या चमकत्या पट्टीलाही आपण ‘रेडियम’च म्हणतो. तिच्यात रेडियमचा कणही नसतो.)

आजच्या फील्ड वॉचचे खरे आईबाप दुसऱ्या महायुद्धातले आहेत. आई अमेरिकन म्हणा, बाप ब्रिटिश.

अमेरिकन बाजूला ए-११ हे मानक होते. एल्जिन, वॉल्थम आणि बुलोवा या कंपन्यांनी त्याप्रमाणे घड्याळे बनवली. केस जेमतेम ३२ मिलिमीटरची, तबकडी काळी, सेकंदकाटा मधोमध, दिवसाला ३० सेकंदांपर्यंतची चूक चालेल. सगळ्यात महत्त्वाचे कलम ‘हॅकिंग’चे होते. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबायला हवा, म्हणजे सगळ्यांची घड्याळे एकाच क्षणी सोडता येतात. विमानातल्या नॅव्हिगेटरला याची गरज होती. ताऱ्यांवरून जागा काढताना वेळेत चार सेकंदांची चूक झाली तर विषुववृत्ताजवळ एक सागरी मैलाची चूक होते.

ब्रिटिशांनी वेगळा रस्ता धरला. त्यांच्या टेंडरचे नाव डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू, म्हणजे ‘वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ’. काळी तबकडी, अरबी आकडे, चमकणारे काटे आणि खुणा, न फुटणारी काच, १५ ज्वेलचे (दांड्यांची टोके टेकतात त्या खड्यांचे) मशीन आणि तबकडीवर ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण, अशा अटी होत्या. ब्यूरेन, सीमा, इटर्ना, ग्राना, आयडब्ल्यूसी, येगर-लकूल्त्र, लेमानिया, लाँजिन, ओमेगा, रेकॉर्ड, टिमोर आणि व्हर्टेक्स अशा बारा कंपन्यांनी ती पुरवली. संग्राहक त्यांना एकत्रितपणे ‘डर्टी डझन’ म्हणतात. गंमत अशी की बहुतेक माल पोचला १९४५ मध्ये, युद्ध आटोपता आटोपता. बाराही घड्याळांत सेकंदकाटा सहाच्या जागी छोट्या वर्तुळात होता आणि हॅकिंगचे कलम नव्हते. यातले सर्वांत दुर्मिळ ग्रानाचे. ओमेगा आणि रेकॉर्डची संख्या मोठी होती, म्हणून ती अजून बाजारात दिसतात. पुढे ब्रिटिश संरक्षण खात्याने अनेकांच्या रेडियमच्या तबकड्या काढून ट्रिटियम या सौम्य किरणोत्सारी पदार्थाच्या बसवल्या. तबकडी मूळची नाही म्हणून संग्राहक नाक मुरडतात, पण रोज हातात घालणाऱ्याला हीच अदलाबदल हिताची आहे.

युद्धानंतर दोन्हीकडचे विचार अजूनच लांब गेले. ब्रिटनमध्ये चेल्टनहॅमच्या स्मिथ्सने १९६७ ते १९७० या काळात १७ ज्वेलचे डब्ल्यू-१० लष्कराला दिले. नंतर ते काम हॅमिल्टनकडे गेले आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कॅबट वॉच कंपनीकडेही. १९८० मध्ये कॅबटचे सेलवर चालणारे जी-१० आले आणि चावीचे घड्याळ शिपायाच्या हातून उतरले.

अमेरिकेत १९६४ च्या मिल-डब्ल्यू-४६३७४ या मानकाने भूमिकाच बदलली. बिघडले तर दुरुस्त करायचे नाही, फेकून दुसरे द्यायचे, असे त्यामागचे गणित होते. दुरुस्तीचा खर्च नव्या घड्याळापेक्षा जास्त पडत होता. बाहेर बारा तासांचे आकडे, आत १३ ते २४ चे छोटे वर्तुळ, हा आज सगळीकडे दिसणारा चेहरा याच मालिकेतला. म्हणजे ज्याला आज वारसा म्हणून जपले जाते, ते घड्याळ मुळात वापरून टाकण्यासाठी बनले होते. आजच्या जाहिरातींत ही गोष्ट सहसा येत नाही.

आता आजच्या नमुन्यांकडे वळू. हॅमिल्टनचे खाकी फील्ड मेकॅनिकल याच अमेरिकन घराण्यातले. केस ३८ मिलिमीटरची, हाताने चावी द्यायची, हॅकिंग आहे. आधी त्यात तासाला २८,८०० ठोके देणारे, ४२ तास चालणारे ईटीए २८०१-२ हे मशीन होते. नंतरच्या एच-५० मध्ये ठोके २१,६०० वर आणून चाल ८० तासांवर नेली. शुक्रवारी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी चालू सापडते, हा फायदा खरा. बदल्यात ठोके कमी झाल्यामुळे धक्क्यातून सावरण्याची स्थिरता किंचित घटते. मनगटावर ते कुणाला जाणवणार नाही, पण सेकंदकाट्याची चाल जरा तुटक दिसते.

सेइकोचे एसएनके ८०९ स्वस्तातले फील्ड वॉच म्हणून सांगितले जाते. त्याच्या तबकडीवर मिनिटे बाहेर आणि तास आतल्या वर्तुळात आहेत. ही मांडणी जर्मन वैमानिकांच्या निरीक्षण घड्याळाची आहे, पायदळाची नव्हे. त्यातल्या ७एस२६ मशीनला ना हाताने चावी देता येते ना सेकंद थांबवता येतो. घड्याळ म्हणून ते भरवशाचे आहे, पण ए-११ चे मुख्य कलमच त्यात नाही.

मापाच्या बाबतीत नुसता व्यास बघून चालत नाही. पट्टा अडकवायचे केसचे वरखाली निघालेले कान म्हणजे लग; वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे आणि ते मनगटाच्या सपाट रुंदीपेक्षा कमी असावे. मूळ ब्रिटिश घड्याळे ३५ ते ३८ मिलिमीटरची होती. व्हर्टेक्सने नव्याने आणलेले एम-१०० ४० मिलिमीटरचे आहे. रुंद तबकडीवर तेच आकडे विरळ दिसतात आणि जुन्याचा बांधेसूदपणा जातो.

चमकणारा रंग ही सगळ्यात मोठी तडजोड. ट्रिटियमचे अर्धआयुष्य १२.३ वर्षे, म्हणजे १९६७ च्या तबकडीवर आज मूळच्या जेमतेम ४ टक्के ट्रिटियम उरले आहे. जुना रंग कालांतराने तपकिरी पडला आणि तोच तपकिरीपणा आता नव्या घड्याळात मुद्दाम मिसळतात. नवा रंग स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा असतो, किरणोत्सारी नसतो आणि उजेडात ‘भरून’ मग चमकतो. त्यात तपकिरी छटा मिसळली की चमक घटते. फिकट हिरव्या सी-३ रंगापुढे ‘ओल्ड रेडियम’ छटा स्पष्ट मंद पडते. रात्री दोनला वेळ बघायची असेल तर जुनाटपणाची ही ऐट महागात पडते.

काच अॅक्रिलिकची असेल तर ओरखडे पडतात, पण पॉलिशच्या पेस्टने मऊ कापडावर पाच मिनिटे घासून जातात. मार लागला तर ती चिरते, तिच्या चकत्या उडून काट्यांत जात नाहीत. जुन्या टेंडरांतल्या ‘न फुटणाऱ्या काचे’चा अर्थ हाच होता. सफायरच्या काचेवर सहसा ओरखडा उमटत नाही, पण आतून परावर्तनरोधक लेप नसला तर उन्हात तबकडीऐवजी आभाळच दिसते.

चावीच्या घड्याळाला रोज एकाच वेळी, साधारण तीस-चाळीस वेढे द्यावेत आणि अडल्यासारखे वाटले की थांबावे. चावी रोज फिरते म्हणून तिच्या नळीतले रबरी कडे आधी झिजते आणि पाणी तिथूनच शिरते. स्क्रूची चावी जास्त जलरोधक, पण रोज उघडझाक केल्याने तिचे आटे झिजतात. पाठीवर ५० मीटर लिहिले असले तरी पोहायला ते घालू नये. पावसात भिजल्यावर काचेच्या आत धुके दिसले तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्यावे, कारण गंज आधी चावीच्या दांड्याला धरतो.

एकाएकी घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागले तर मशीन बिघडले असे लगेच समजू नये. बहुधा हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलेले असते. फोनचा स्पीकर, बॅगेचे चुंबकी बटण एवढे पुरते. १९४० च्या दशकाअखेरच्या ब्रिटिश मार्क-११ वैमानिकी घड्याळांत यासाठी मशीनभोवती मऊ लोखंडाचे कवच असे. आजच्या बहुतेक फील्ड वॉचमध्ये ते नसते. चुंबकत्व उतरवायला घड्याळजीला मिनिटही लागत नाही.

पट्ट्याचे कलमही कामाचे होते. लष्करी केसमध्ये पट्ट्याच्या दांड्या कायमच्या डाखलेल्या असत, कारण स्प्रिंगची पिन निखळली की घड्याळ गेले. त्या दांड्यांवर नेहमीचा दोन तुकड्यांचा पट्टा चढत नाही, म्हणून सलग ओवायचा नायलॉनचा पट्टा आला. तो घामात कुजत नाही, धुतला की तासाभरात वाळतो. घड्याळाखालून जात असल्याने उंची मात्र मिलिमीटरभर वाढते.

भारतात या घराण्याशी नाते सांगणारे घड्याळ म्हणजे एचएमटी. सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला १९६१ मध्ये कारखाना निघाला आणि पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. काळ्या तबकडीचे ‘पायलट’ आणि लष्करी थाटाचे ‘जवान’, दोन्ही १७ ज्वेलची, चावीची. सुटे भाग मिळतात आणि कुठलाही जुना घड्याळजी हे मशीन डोळे मिटून खोलतो, ही त्याची जमेची बाजू.

२०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय झाला आणि जुन्या मालाचे भाव चढले. सोबत वाढला तो परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात तो माल: एकाची केस, दुसऱ्याचे मशीन आणि नव्याने रंगवलेली ‘मिलिटरी’ तबकडी, जी कारखान्यातून कधीच निघाली नव्हती. भिंगाखाली ती ओळखू येते. आकड्यांच्या कडा पसरलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत, नाव किंचित तिरके असते. मग घड्याळ कानाशी धरून हलके हलवावे. मशीन केसमध्ये खडखडले तर ते त्या केसचे नसण्याची शक्यता मोठी. शेवटी पाठ उघडून दाखवायला सांगावे. विकणारा टाळाटाळ करू लागला तर सौदा तिथेच सोडावा.