काँक्रीट ब्लॉकचे गादीवाफे (मराठवाडा)

काँक्रीटचे ब्लॉक रचून चौकट करायची, तिच्यात माती आणि खत भरायचे आणि जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर भाजीपाला घ्यायचा, ही परसबागेची एक पद्धत आहे. मिरची, वांगी, कांद्याच्या रोपांसाठी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवा नाही. ब्लॉकमुळे त्याला पक्का काठ मिळतो आणि दरवर्षी वाफा नव्याने ओढावा लागत नाही.

परभणी, हिंगोली, नांदेडकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. झड लागली की वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती कामाजोगी सुकेपर्यंत, तिच्यात पाय घालता येत नाही आणि तोवर मेथी, कोथिंबिरीची मुळे सडू लागतात. उंच वाफ्यातून जादा पाणी निथळून जाते. बीड, धाराशिवकडच्या बालाघाटाच्या माळांवर अडचण उलटी असते. तिथे थोडक्या मातीखाली लगेच मुरूम लागतो, म्हणून वाफ्यातली भर हीच मुळांची खरी जमीन ठरते.

बाजारात सहज मिळणारा पोकळ ब्लॉक १६ इंच लांब, ८ इंच रुंद आणि ८ इंच उंच असतो. आतून ८ फूट बाय ४ फूट वाफ्याला एका थराला २० ब्लॉक लागतात. पहिल्या थरात लांब बाजूंना सात-सात आणि त्यांच्या मध्ये आडवे तीन-तीन. दुसऱ्या थरात आडवे चार-चार बाहेरपर्यंत न्यायचे आणि लांब बाजूंना सहा-सहा बसवायचे. एवढ्याने कोपरे एकमेकांत अडकतात आणि सांधेमोड, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर न येणे, आपोआप साधते. एकही ब्लॉक तोडावा लागत नाही. रुंदी चार फुटांहून जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे; आत पाय पडला की माती दबते.

काळ्या जमिनीवर ब्लॉक नुसते ठेवले तर पहिल्याच पावसाळ्यात ओळ वाकडी होते. वीतभर चर खणून त्यात मुरूम धुम्मसाने ठोकावा, दोरी आणि पाणसळ (सपाटी पाहायचे साधन) लावून मगच रचावे. दोन थरांना सिमेंट लागत नाही; पोकळ्यांत मुरूम ठासला तरी पुरते. तळ फरशीने किंवा काँक्रीटने बंद करू नये.

दोन थरांच्या अशा वाफ्यात सुमारे ४३ घनफूट भरण मावते, म्हणजे अर्ध्या ब्रासला थोडे कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). नुसती काळी माती भरणे सगळ्यात वाईट. ती फुगून काठाला रेटते, वाळली की काठापासून सुटते आणि दिलेले पाणी त्या फटीतून खाली पळते. निम्मा पोयटा (नदी-ओढ्याकाठची गाळाची माती), उरलेल्यात मुख्यतः चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू हे मिश्रण चालते. तळाशी पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) किंवा तुराट्या घालायच्या असतील तर शेणकाल्यात भिजवून, पातळ थरातच; कोरड्या घातल्यास वाळवी लागते.

या भागात दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली चुना. इथल्या बऱ्याच जमिनी आधीच चुनखडीयुक्त आहेत, त्यात ताज्या ब्लॉकमधून आणखी चुना उतरतो आणि काठालगतच्या रोपांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. नवे ब्लॉक काही दिवस पाणी मारून धुवावेत आणि शेणखत भरपूर द्यावे. दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडचे ब्लॉक तापतात आणि काठाची माती आधी सुकते. म्हणून टंचाईच्या गावात तीन-चार थर रचण्याचा मोह टाळावा. वाफा जितका उंच तितका तहानलेला. माळावर एक थर आणि काळ्या जमिनीवर दोन पुरेसे आहेत. वरून पाचट किंवा सोयाबीनच्या भुसकटाचे जाड आच्छादन, मध्ये गळ्यापर्यंत पुरलेले, पाणी झिरपणारे भाजलेल्या मातीचे मडके किंवा ठिबकची नळी, एवढी सोय असेल तर पाणी बरेच वाचते.

पावसाळ्यात अंबाडी, चुका, भेंडी, गवार. हिवाळ्यात मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर असा फेर ठेवता येतो. ब्लॉकच्या वरच्या पोकळ्यांत माती भरून झेंडू किंवा ओवा लावतात, पण त्या लवकर वाळतात. भरण वर्षभरात खाली बसते, तेव्हा मृगाआधी शेणखताची भर घालावी.

गच्चीवर असा वाफा परस्पर रचू नये. भिजलेली माती आणि ब्लॉक मिळून भार अडीच टनांच्या पुढे जातो. स्लॅबसाठी आधी अभियंत्याला विचारावे लागते आणि माळवदाच्या (लाकूड-मातीच्या सपाट छताच्या) घरावर तर तो चढवूच नये.